रायझलची खुशाली

हैफा
९ मार्च १९४९

डायरेक्टरसाहेब,

मी ब्लिमा. पोलंडातल्या झावोद्नाच्या ब्रशच्या कारखान्यात खिडकीजवळच्या बाकावर डुकराचे केस निवडायला बसवलेली, तोंडाळ. "ब्लिमाबाई, तोंड आवरा नि हात चालवा" म्हणून तुम्ही जिच्यावर दिवसभर खेकसायचात, तीच. जिवंत आहे. हातपाय जागच्या जागी आहेत. तोंडही आहे, काळजी नको.

तुमचा पत्ता काढायला जिवाचं रान करावं लागलं. हासलिंगर आडनावाची माणसं तुमच्या देशात इतकी असतील असं वाटलं नव्हतं. एका हासलिंगर खाटकानं तर नुसत्या शिव्यांनी भरलेलं उत्तर धाडलं. म्हटलं, हा आपला नव्हे, आपला याहून छान शिव्या देतो.

माझं लग्न झालं. नवरा मेंडेल, मूळचा लुब्लिनचा, इथे बेकरीत पाव भाजतो. लग्नात माझ्याकडचं कुणी नव्हतं, त्याच्याकडचंही कुणी नव्हतं. मग शेजारपाजारच्यांतले अर्धे त्याच्या बाजूला उभे केले, अर्धे माझ्या.

लोक विचारतात, तू कशी गं वाचलीस? मी सांगते, डुकरानं वाचवलं. आमच्यात डुक्कर निषिद्ध ना, म्हणून मेंडेल चिडतो. पण त्यात खोटं काय आहे? त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना रेल्वेच्या यार्डात नेलं होतं, डबे लागलेले होते, आणि तुम्ही जेवणावरून उठून, गळ्यात रुमाल तसाच, धावत आलात. त्या नाझी अधिकाऱ्याच्या अंगावर ओरडलात, "ब्रश नसतील तर आघाडीवरच्या घोड्यांना खरारा कोण करणार, तू?" मग एकेकाला दंडाला धरून रांगेतून बाहेर ओढलंत. आमच्या रेब यांकलना, त्या शास्त्र जाणणाऱ्या म्हाताऱ्याला, धरून म्हणालात, हा माझा रंगपारखी, काळा केस नि पांढरा केस याच्यासारखा कुणी वेगळा करत नाही. रेब यांकलना तर स्वतःचा हात धड दिसत नव्हता! नंतर ते म्हणाले, "बायकोला जन्मात माझं कौतुक नव्हतं, साहेबाला तरी आहे." गाडी बाकीच्यांना घेऊन निघून गेली होती आणि आम्ही रडत रडत हसत होतो.

आभार कसे मानतात ते मला येत नाही. तुम्ही आहात ना? एक ओळ तरी लिहा.

तुमची
ब्लिमा


आशाख, दानूबकाठ, ऑस्ट्रिया
३ एप्रिल १९४९

ब्लिमाबाई,

तुमचं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात मटकन खालीच बसलो. माझ्या बायकोला, हेर्मिनेला वाटलं, कुणीतरी गेलं. म्हटलं, "अगं गेलं नाही, आलंय!" तिनं पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. खाटकापर्यंत आलो नि दोघं पोट धरून हसलो. तो माझा लांबचा चुलतभाऊच आहे.

आधी ते डायरेक्टर म्हणणं सोडा. मी आता लाकडाच्या वखारीत फळ्या रचून घेतो. गावात मला "ज्यूंचा डायरेक्टर" म्हणतात, तेवढीच काय ती पदवी उरली. खानावळीत जाऊन बसलो की एखादा तरी मुद्दाम खुर्ची लांब सरकवतो. सरकवू दे, मला ऐसपैस बसता येतं. हेर्मिने मात्र मनाला लावून घेते. तिच्या सख्ख्या भावानं घरी येणं सोडलंय.

तुम्ही वाचलात याचा आनंद आहे, पण खरं सांगू? माझी मान वर होत नाही. तुम्हाला यार्डातून परत आणलं, त्याच साली पानगळीच्या दिवसांत मला चौकशीला क्राकुफला बोलावलं आणि तिथूनच अंगावर गणवेश चढवून आघाडीवर पाठवलं. झावोद्नाला परत जाऊच दिलं नाही. माझ्या पाठीमागे तुमचं सगळ्यांचं काय केलं ते युद्ध संपल्यावर कानावर आलं. मग तुम्हाला ओढून आणलं ते कशासाठी, आणखी थोडे दिवस केस निवडायला? डोकं फिरायची वेळ येते.

अशा वेळी मी रायझलला आठवतो. तेवढं एक काम माझ्या हातून चोख झालं. तुमची धाकटी बहीण गाडीत केसांच्या पोत्यांखाली, वर मी स्वतः बसलेला, तोंडात चिरूट, आणि नाक्यावर ती शिंकली! पहारेकऱ्यानं वळून बघितलं तसा मीच लागोपाठ शिंकत सुटलो. पारास्काच्या मळ्यावर पोचेपर्यंत माझा घसा फाटला होता. ती विधवा बाई तोंडानं फटकळ, पण मनानं सोनं. तिनं पोरीला भाची म्हणून ठेवून घेतलं. पुढे दोनदा मी जाऊन आलो, पोरीच्या गालांवर मांस चढलं होतं.

आणि तुमच्या एवढ्या लांबलचक पत्रात तिच्याबद्दल अक्षर नाही! बहिणी-बहिणी भांडलात की काय? आता बावीस-तेविशीची झाली असेल. लग्न झालं का तिचं? तिची खुशाली कळवा. माझ्यासाठी तेवढं कराच.

तुमचा
आल्बिन हासलिंगर


हैफा
१८ जुलै १९४९

साहेब,

डायरेक्टर सोडते, साहेब सोडणार नाही. हेर्मिनेबाईंना माझा नमस्कार सांगा.

इथे उकाड्यानं जीव नकोसा झालाय. भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या. अंडी मिळत नाहीत, अंड्यांची पूड मिळते. तिचं आम्लेट केलं की मेंडेल विचारतो, हा ब्रश पुसायचा फडका का? मासा मिळतो तो कुठल्या देशात मेला होता कुणास ठाऊक. शेजारची रुमानियन बाई वांग्याचं "कलेजीचं वाटण" करते, डोळे मिटून खा म्हणते. आम्ही खातो.

आणि मला दिवस गेलेत. झालं, सांगून टाकलं. मला जराशीसुद्धा भीती वाटत नाही असं सगळ्यांना सांगते, खरं तर फार भीती वाटते. पोर रडलं तर त्याला गप्प कसं करायचं हे मला कुणी सांगितलेलंच नाही. आम्ही त्या दिवसांत फक्त गप्प बसायला शिकलो.

तुम्ही ते क्राकुफचं डोक्यातून काढा. तुम्ही असतात तर पुढच्या वेळेला तुम्हालाच आमच्याबरोबर डब्यात चढवलं असतं आणि मग हेर्मिनेबाईंनी मला शिव्या घातल्या असत्या. यार्डातल्यांपैकी आम्ही दोघी-तिघी आहोत अजून. थोड्या आहोत, पण आहोत.

खोकला येतो का अजून? कारखान्यात केसांच्या धुरळ्यानं यायचा तसा? कढत दूध घ्या. हातावर सूज आहे, जास्त लिहवत नाही.

तुमची
ब्लिमा


आशाख
१ सप्टेंबर १९४९

ब्लिमा, पोरी,

आता तू आई होणार, मी साठीला टेकलो. आपलं तुम्ही-आम्ही बस झालं.

बातमी वाचून हेर्मिनेनं लोकरीचे गुंडे काढलेत. उन्हात तापलेल्या देशातल्या पोराला लोकरीचे मोजे! मी बोललो तर माझ्यावरच उसळली. आम्हाला मूल झालं नाही ना. विणू दे.

तू यावेळीही रायझलबद्दल काही लिहिलं नाहीस. आधी मी रागावलो. दोन दिवस हेर्मिनेशी धड बोललो नाही. मग वखारीत काम करताना डोक्यात प्रकाश पडला. पारास्काचा मळा आता रशियाच्या हद्दीत गेलाय! तिकडे पत्रं फोडून वाचतात. परदेशात बहीण आहे म्हणून कळलं तर पोरीच्या मागे ससेमिरा लागायचा. म्हणून तू तिचं नाव काढत नाहीस. हुशार आहेस गं. कारखान्यातही तू अशीच होतीस, वटवट सगळी करायचीस, पण नको ते तोंडातून कधी निसटलं नाही. मीच गाढव. पारास्काला दोनदा पत्र टाकलं, उत्तर नाही. आता नाही टाकत.

नको सांगूस काही. फक्त कधी सोय झाली, कुणी येणारं-जाणारं भेटलं, तर तिला सांग, म्हातारा हासलिंगर विचारत होता. पण तिचा रागही आलाय म्हणावं. एवढ्या वर्षांत एक चिठ्ठी नाही? मी तिच्यासाठी शिंकून शिंकून मेलो असतो!

कढत दूध घेतो. त्यात थोडी ब्रँडी घालतो, ते तू वाचलंच नाहीस असं समज.

आल्बिन


हैफा
२२ जानेवारी १९५०

साहेब,

मुलगी झाली. धट्टीकट्टी आहे, आवाज माझा घेतलाय, बाकी सगळं मेंडेलचं. सुईण म्हणाली, ही बाजारात भाजी विकणार.

नावावरून आमचं थोडं वाजलं. मेंडेलच्या आईचं नाव रांगेत आहे, त्याच्या तिन्ही बहिणींची आहेत, माझ्या आईचं आहे, आत्यांची आहेत. इतकी नावं रांगेत उभी आहेत की मी दरवर्षी बाळंत झाले तरी पुरायची नाहीत. मेंडेल बिचारा म्हणाला, पहिलं तुझ्या मनासारखं होऊ दे.

मी रायझल ठेवलं.

तुम्ही प्रत्येक पत्रात विचारत होतात आणि माझ्या हातून लिहून होत नव्हतं. आज लिहिलं. याहून जास्त मला लिहिता येणार नाही साहेब, समजून घ्या.

हेर्मिनेबाईंचे मोजे पोचले. बेकरीच्या भट्टीजवळ राहून तिला मोजे घातले तर ती पावासारखी फुगेल, पण मी घातलेत. छान दिसतात.

तुमची
ब्लिमा


आशाख
१४ फेब्रुवारी १९५०

ब्लिमा! माझ्या पोरी!

अगं, काय लिहू मी? रायझल! मी पत्र वाचून ओरडलो तर शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. म्हणजे ती आली! पोचली तुझ्यापाशी! मला काय कळत नाही होय? आमच्यातसुद्धा पोरीला मावशीचं नाव देतात, आणि मावशीच बारशाच्या वेळी बाळाला हातात धरून उभी राहते. हेर्मिनेचं नाव तिच्या मावशीचंच, ती मावशी ऐंशीची होईपर्यंत तिला "माझी छोटी मी" म्हणायची. आणि "याहून जास्त लिहिता येणार नाही"? बरोबर आहे, कशी आली, कुठल्या सीमेवरून आली, ते नकोच लिहू. शब्दही नको!

सांग, तिनंच धरलं ना बाळाला? रडली असेल. रडूबाईच होती ती.

आज खानावळीत गेलो आणि सगळ्यांसाठी दारू मागवली. खुर्ची सरकवणाऱ्यालासुद्धा पाजली. म्हटलं, पी लेका, मी वाचवलेली पोरगी मावशी झाली. एकानं पेला वर केला, खरंच केला. घरी येऊन सांगितलं तर हेर्मिने रडली.

वेगळं पार्सल टाकलंय. त्यात दोन ब्रश आहेत, मी घरी हातानं बांधलेले. जुने हात अजून चालतात. लहान आहे तो बाळाच्या जावळासाठी, मऊ. मोठा आहे तो मोठीच्या केसांसाठी, तिची वेणी जाड होती. दोन्ही बकरीच्या केसांचे आहेत, डुकराचे नव्हेत, घाबरू नका!

आता तिला बसव टेबलाशी नि माझ्यासाठी चार ओळी लिहून घे. ऐकलंच नाही तर कान धर.

तुमचा आनंदानं वेडा झालेला
आल्बिन


आशाख
११ जून १९५०

ब्लिमा,

फेब्रुवारीपासून तुझं उत्तर नाही. मला वाटलं, बाळ लहान, हात गुंतलेले. मग वाटलं, पार्सल हरवलं.

गेल्या आठवड्यात लिंझला गेलो होतो, कोट उलटवून शिवून घ्यायला. तिथल्या निर्वासितांच्या छावणीत फाइवेल म्हणून तुमच्यातला एक शिंपी आहे, अमेरिकेला जायची वाट बघतोय. मापं घेत होता आणि मी आपली माझी टिमकी वाजवत होतो. हैफाला माझी एक लेक आहे म्हटलं, मानलेली, तिला मुलगी झाली, आणि आता एका घरात दोन रायझल, हाक मारली की दोघी ओ देत असतील.

त्यानं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि विचारलं, "मोठी कधी गेली?"

मी त्याच्यावर भडकलो. म्हटलं, जिभेला हाड आहे का, जिवंत पोरीबद्दल काय बोलतोस? तो माणूस शांत होता. म्हणाला, "साहेब, आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. कुठलीच आई ठेवणार नाही. ते नाव मोकळं झाल्यावरच देतात." मग तो कितीतरी वेळ बाहीचं माप घेत राहिला. एकदा घेतलं होतं तरी परत घेतलं.

घरी येऊन तुझं जानेवारीचं पत्र काढलं. नावं रांगेत उभी आहेत असं तू लिहिलं होतंस. मी तेव्हा हसलो होतो गं. मला वाटलं, तुमच्या घरात हौशी बायका फार आहेत. तू मला सरळ सांगितलं होतंस आणि मी त्यावर गावाला दारू पाजली.

हेर्मिनेला अजून सांगितलं नाही. मला फक्त एवढं कळव. पारास्कानं दगा दिला का? मी चुकीचं घर निवडलं का? तिथे नेलं नसतं, तुझ्याजवळ बाकावर राहू दिलं असतं, तर आज ती असती का? मला झोप नाही. गोड करून सांगू नकोस. गोड केलंस तर मला ओळखू येईल.

आल्बिन


हैफा
६ जुलै १९५०

साहेब,

पार्सल पोचलं होतं. मार्चमध्येच. लहान ब्रश रोज वापरते. मोठा अजून कागदात आहे.

तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं त्यानंतर मी कितीदा लिहायला बसले. मला खरंच वाटलं होतं की नाव वाचून तुम्हाला कळेल. आमच्यात कुणालाही कळलं असतं. तुम्ही आमच्यातले नाही हेच मी विसरून गेले होते.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पारास्कानं दगा दिला नाही. तुम्ही घर बरोबर निवडलंत. रायझल तिथे सुखरूप होती आणि तिथेच राहती तर आज माझ्यासमोर बसून मला नावं ठेवत असती.

तुम्ही कोटाच्या आत लपवून आमच्यासाठी डुकराच्या चरबीचे डबे आणायचात. रेब यांकल सगळ्यांना सांगायचे, जीव जगवायला खाल्लं तर देव रागावत नाही, नाही खाल्लं तर रागावेल. सगळ्या खायच्या. मी नाही खायची. तुम्हाला हे कुणी कळू दिलं नाही, तुम्ही ओरडला असतात म्हणून. दिवसभर हात डुकरात आहेत, तोंड तरी राहू दे, असं म्हणून माझा वाटा मी रायझलला द्यायची. फार मोठी धर्माची म्हणून नव्हे हो. हट्ट. माझं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. ती खायची आणि रडायची. म्हणायची, तू वाळून मरशील नि मी तुझी चरबी खाऊन जाडी होईन.

तुम्हाला क्राकुफला नेल्यानंतर, थंडी पडल्यावर, पारास्कानं बदकं कापली. रायझलनं त्यांची चरबी कढवली, बरणीत भरली आणि पारास्काला न सांगता चालत निघाली. सबंध रस्ता, बर्फातून. डुकराची नाही ना ही, मग ब्लिमा खाईल, एवढाच तिचा हिशेब.

कारखान्याच्या वळणावर तिला आपला गाडीवान स्ताख भेटला. तो तिच्यावर ओरडला, बरणी घेतली आणि आल्या पावली परत जा म्हणून बजावलं. ती गेली असं त्याला वाटलं, हे सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं. मला बरणी देताना तो एवढंच म्हणाला, मळ्यावरून आलीय. मला घाबरवायचं नव्हतं त्याला.

बदक शास्त्राप्रमाणे कापलेलं नसणार, ते मला कळत होतं. पण म्हटलं, बहिणीनं पाठवलंय, हे चालेल. पावाला लावून खाल्लं. बाकावरच्या बायकांना एकेक बोट दिलं. बरणी पुसून पुसून खाल्ली साहेब. किती दिवसांनी पोटात ऊब आली. मी त्यांना म्हटलंसुद्धा, बघा, आमची महाराणी मळ्यावर बसून बदकं झोडतेय.

ती परत गेलीच नव्हती. सकाळी आमची रांग बराकीतून कारखान्यात नेतात हे तिला ठाऊक होतं. कुंपणाशी उभं राहून मला एकदा लांबून बघायचं आणि मग जायचं, असं तिच्या मनात असणार. पहारेकऱ्यांना ती आमच्या आधी दिसली. आम्ही निघालो तेव्हा ती फाटकाशी पडलेली होती. आम्हाला तिच्या शेजारून चालवत नेलं. थांबू दिलं नाही. तोंडाला अजून त्या चरबीची चव होती.

हे मेंडेललाही मी अर्धंच सांगितलंय.

आता तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याचं मन दुखू नये म्हणून ब्लिमानं इतके दिवस लपवलं. तुमच्या त्या शिंप्यालाही तसंच वाटेल. नाही हो साहेब, मी एवढी चांगली नाही. तुमचं पहिलं उत्तर आलं, त्यात तुम्ही विचारलं होतं, लग्न झालं का तिचं? ते वाक्य मी पाठ होईपर्यंत वाचलं. इथे माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला माहीत आहे की ती नाही. तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही, सगळे जपून बोलतात. जगात तुम्ही एकटे असे होतात की जे तिच्यावर रागावत होतात, तिनं चिठ्ठी टाकली नाही म्हणून. तुमच्या पत्रांत तिचं वय वाढत होतं. पोस्टमन आला की मी पत्र घेऊन जिन्यात जाऊन बसायची, मेंडेललाही हात लावू द्यायची नाही. वाचून होईपर्यंत मला बहीण असायची.

म्हणून सांगितलं नाही. आता तुम्हालाही कळलं. आता रायझल कशी आहे म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही.

तुमची
ब्लिमा